निळ्या साडीच्या मागे

काळा स्कार्फ अजून मागेच होता. नीला शहाळंवाल्यापाशी थांबली, तर तोही चार पावलांवर थांबला. स्कार्फात गुंडाळलेलं तोंड, डोळ्यांवर गॉगल, पाठीला सॅक. पोरगी विशीची असेल. शहाळं घेत नव्हती, भाव विचारत नव्हती, नुसती उभी होती.

बोरिवलीच्या जेट्टीपासूनच ही मागे लागली होती. फेरीबोटीत चढल्यावर नीलाने जुन्या सवयीने शेजारी बसायला एखादं वडीलधारं बाईमाणूस शोधलं, पण बोटीत सगळी कॉलेजची पोरं आणि जोडपी. सगळ्यांत वडील तीच. मग ती आपली कडेला जाऊन बसली आणि ही स्कार्फवाली दहा जागा रिकाम्या सोडून नेमकी तिला खेटून बसली. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

नीलाने मरोळच्या एका औषध कंपनीत तीस वर्षं पॅकिंगचं काम केलं. रिटायर झाली तेव्हाच ठरवलं, महिन्यातला एक दिवस आपला. घाटकोपरच्या घरातून एकटीने निघायचं आणि मन भरेस्तोवर फिरायचं. खाडीपलीकडचं हे बेट म्हणजे त्यातला पहिलाच दिवस. मुलगा, प्रीतम, आठवडाभर धुसफुसत होता. फॅमिली ग्रुपवर त्याने एक मेसेजही टाकला: बेटावर चेन खेचणारी टोळी फिरते, आधी एका मुलीला पुढे पाठवतात, ती एकटीदुकटी बाई हेरते, मग मागून बाइकवाला येतो. मेसेज खरा की खोटा कुणास ठाऊक, पण तो चौदा जणांनी पुढे पाठवला होता. शेवटी प्रीतम कुरकुरत तयार झाला. तिच्या हातात एक शिट्टी ठेवली आणि बजावलं, "आई, काही झालं ना, तर हे पहिलं आणि शेवटचं."

नीलाला चेनचं एवढं नव्हतं. चेन गेली असती तर चार दिवस रडली असती आणि गप्प बसली असती. पण चेनबरोबर पुढचे सगळे दिवस जाणार होते. त्या विचारानेच तिला कसंतरी झालं.

ती शेअर रिक्षात बसली, पोरगी त्याच रिक्षात. तिने सुरूच्या झाडाखाली चटई अंथरली, पोरीने शेजारच्या झाडाखाली ओढणी पसरली. तिने भाकरी काढली, तर पोरीनेही सॅकमधून डबा काढला. टोळीवाले घरून डबा आणतात हे नीलाला नवीनच होतं.

जेवण झाल्यावर ती पाण्यात पाय बुडवायला गेली. पोरगीही घोट्याएवढ्या पाण्यात येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात फोनवर बोलायला लागली. वारा नेमका तिच्याकडून येत होता.

"हो, समोरच आहेत. एकट्याच आहेत. निळी साडी. गळ्यात चेन आहे, चांगली जाड. नाही, नजरेआड नाही होऊ देत. थांब, फोटो पाठवते."

नीला चटकन पाण्याबाहेर आली. घाबरली, अगदी मनापासून घाबरली. चटईवर येऊन तिने पाठ वळवली, पदराआड चेन काढली, फडक्यात गुंडाळली आणि रिकाम्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. गळ्याभोवती पदर लपेटून घेतला. मग मनात आलं, सरळ पुढची बोट पकडावी आणि घर गाठावं.

पण आता कुठे एक वाजत होता. अर्धा दिवस शिल्लक होता आणि समुद्र समोर पसरलेला. तिला एकदम रागच आला. समुद्र काय हिच्या बापाचा आहे? ती गेली नाही. तिने शिंपले वेचले, कालाखट्टा गोळा खाल्ला, जांभळ्या ओठांनी स्वतःचे दोन फोटोसुद्धा काढले. एक डोळा मागे होता हे खरं, पण दुसऱ्या डोळ्याने तिने समुद्र पोटभर बघितला.

चार वाजता परतीच्या जेट्टीवर ही गर्दी. रेटारेटी सुरू झाली, नीलाचा पदर खांद्यावरून निसटला आणि तेवढ्यात मागून एक हात तिच्या मानेपाशी आला.

तीस वर्षं खोके बांधलेला हात होता तिचा. तिने ते मनगट असं पकडलं की पोरगी कळवळली. दुसऱ्या हाताने शिट्टी काढून जोरात फुंकली. रांग जागच्या जागी थांबली. तिकीटवाला धावत आला, काय झालं विचारायला लागला. नीलाने सगळं भडाभडा सांगितलं: सकाळपासूनचा पाठलाग, फोन, फोटो, आणि आता हा गळ्याशी आलेला हात.

पोरीचा स्कार्फ सुटला होता. चेहरा पांढराफटक. पकडलेल्या हाताच्या मुठीत नीलाच्या निसटलेल्या पदराचं टोक अजून तसंच होतं. ती काही बोलणार एवढ्यात तिच्या दुसऱ्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'बॉस'.

"बघा," नीला तिकीटवाल्याला म्हणाली. "म्होरक्याचाच फोन." तिने तो हिसकावून घेतला आणि कानाला लावला. "मी बोलतेय. निळी साडी, गळ्यात चेन. बोला, काय काम आहे?"

 पलीकडून एका बाईचा आवाज आला, दिवसभर धरून ठेवलेला श्वास सोडल्यासारखा. "अगंबाई, ताई, तुम्हीच का त्या! फार उपकार झाले बघा. माझी लेक दर्शना आज पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलीय, जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. सकाळीच तिला म्हटलं होतं, एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या जवळपास राहा; मग तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, एवढी चेन घालून एकट्या फिरतायत म्हणजे बाई खंबीर आहे. म्हणून मीच तिला सांगितलं, घरी येईस्तोवर ह्या मावशींची पाठ अजिबात सोडू नकोस."