समाधानी आहात का?

सकाळी गाडीत चढताच तिने मोबाइलवरून रेल्वेकडे दोन तक्रारी केल्या. डब्यात पाणी नाही आणि समोरच्या आजींच्या गोणपाटातल्या बोजामुळे पाय ठेवायला जागा नाही. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही.

शेवटी आजींनीच आपला फिरकीचा तांब्या पुढे केला. "पी गं बाई, घसा कोरडा पडला असेल." मग गोणपाट सारून आतला लाकडी पाळणा दाखवला. "माझी लेक यातच वाढली. उद्या तिच्या लेकीचं बारसं." पाळण्यावरचे मोर त्यांनी नव्याने रंगवले होते. तिने पाय वर घेतले आणि तक्रार विसरूनही गेली.

पुढच्या स्टेशनावर टीसी हमाल घेऊनच आला. "आजी, तक्रार आलीय. हे उतरवून बुक करा."

"कुणाला अडचण होतेय, साहेब?" आजी तिच्याकडे वळल्या. "तूच सांग गं यांना."

तिने मोबाइल पर्समध्ये सरकवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पाळण्यामागोमाग आजी उतरल्या. त्या परतायच्या आत गाडी सुटली.

समोर जागाच जागा होती. खिडकीशी तांब्या तेवढा राहिला होता. तिने पाय खाली सोडले नाहीत.

मोबाइल वाजला. "आपली सामानाची तक्रार निकाली काढली आहे. सेवेबद्दल समाधानी आहात का?"