वाढीचा हुकूम

हंगेरीतल्या सेगेड शहरातल्या प्रयोगशाळेत भरदुपारी गेझाने मेहुणीचा, बोग्लार्काचा डावा हात फ्रीजच्या दारात चिरडला. त्याची बायको म्हणजे तिची थोरली बहीण कर्करोगाच्या गाठीने शेवटच्या घटका मोजत होती; पेशींना वाढीचा हुकूम देणारं प्रथिन बंद पाडणारं औषधाची कुपी बोग्लार्काच्या उजव्या मुठीत होती. “कुपी दे, नाहीतर एकही बोट ठेवणार नाही.” “दाजी, त्याच प्रथिनावर हृदयही चालतं. सगळे उंदीर तडफडून मेले.” “पण गाठ विरली ना?” खोटं बोलली असती तर सुटली असती. “विरली,” ती म्हणाली. त्याने पुन्हा दार आपटलं; हाडं कडकडली. तेव्हा तिने कुपी फरशीवर टाकून टाचेने फोडली. गेझाने तिच्या तोंडावर ठोसा हाणला, मग तो गुडघ्यांवर बसून औषध रुमालाने टिपू लागला. बोग्लार्काने तोंडाच्या रक्ताने माखलेल्या उजव्या हाताने रुमालही हिसकावून घेतला. मगच ती बहिणीसाठी रडली.