फालतू ऊब

"साहेब, माझ्या नवऱ्याचा जीव तुम्ही घेतलात!" प्रयोगशाळाप्रमुखाच्या दारातच ती कडाडली.

"अहो बाई, यंत्र गोठवायचा वायू गळला, न सांगता आत गेलेला तुमचा नवरा गुदमरला. बंद खोलीत कुणाला काय दिसणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उष्णतेच्या अदृश्य प्रकाशाचा एकेक कण टिपणारं ते यंत्र त्याच खोलीत होतं, आणि बाहेर त्याच्या पडद्यासमोर ती स्वतः बसली होती.

"दिसलं होतं, साहेब! पडद्यावर जास्तीची ऊब दिसली. दार उघडून बघते म्हटलं, तर तुम्ही खेकसलात, 'फालतू ऊब आहे, निवेल आपोआप. प्रयोग नासवू नका!' मग पडद्यावरची उबेची रेघ हळूहळू खाली आली. तुम्ही टाळ्या पिटल्यात, मीही पिटल्या. आता सांगा, आत निवत काय होतं?"