तेराव्याला गेलेला ईमेल

सायबर तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकारी बाई साताऱ्यात सुनावणी घेत होत्या. अंजनाचा पोलीस नवरा वारला, त्याच्या जागी तिला नोकरी मिळायची होती. पण तेराव्याच्या गडबडीत तिच्या फोनवरून ‘मला नको, दिराला द्या’ असा ईमेल पोलीस खात्याला गेला. “वैनीच्या फोनला म्या कवाच हात लावला न्हाई,” दीर वीरधवल शपथेवर म्हणाला. बाईंनी फोन त्याच्यापुढे सरकवला. “अंगठा ठेवा.” उजव्या अंगठ्यानं फोन उघडला नाही. आता अंजनाच खोटी ठरणार. वीरधवल उठू लागला. “बसा. आता डावा.” त्यानं अंगठा पँटीला पुसला, परत पुसला आणि टेकवला. फोन उघडला. पडद्यावरच्या फोटोतून वर्दीतला थोरला भाऊ त्याच्याकडेच बघत होता. बाईंनी लिहायला पेन उचललं. “आता ह्यांच्याकडं बघून सांगा, भावजी,” अंजना म्हणाली, “हात लावला न्हाई म्हणून.”