शिंगराचा कान

दूध सुटलेलं शिंगरू कोंबोच्या अंगणात आईला खेटून उभं होतं. दोन्ही कान अजून अखंड होते.

"आज याच्या कानाला मालकीची खाच पाडून टाक," शेजारचा अथमान म्हणाला. "आपल्या लामू बेटावर बिनखुणेचं गाढव म्हणजे वाटेवर पडलेला नारळ. धक्क्यावर गाढवांवरून दगड वाहणारे कालपासून घिरट्या घालतायत. त्यांनी आधी खूण केली, की बस बोंबलत."

"झेना कापू देत नसे," कोंबो म्हणाला.

"ठाऊक आहे. तुझ्या बायकोच्या गुलाम पणजीचा कान मालकाने कापला, म्हणून ही आपली गाढवांना चिंध्या बांधायची. अरे, चिंधी सोडायला किती वेळ लागतो? समुद्री चाच्यांच्या कैदेत राहून माणूस चाचा होईल म्हटलं, तू तर भित्रा होऊन आलास!"

कोंबो हसला नाही. समुद्रात चाच्यांनी त्याची होडी धरली, तेव्हा झेना धडधाकट होती. तो सुटून आला, तोवर तिच्या कबरीवरची माती बसली होती. गाढवीच्या गळ्यात झेनाच्या जुन्या लेसोची, कमरेला गुंडाळायच्या कापडाची, चिंधी तेवढी उरली होती. शिंगरू झेना गेल्यावर जन्मलं. त्याची मान उघडीच होती.

"जाऊ दे मग," अथमान उठला. "नेलं तर नेलं. मला काय!"

कोंबोने घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"सुरी दे," तो म्हणाला.

अथमानने शिंगराची मान काखेत दाबली. कोंबोने कानाला खाच पाडली; काम चटकन झालं. शिंगरू किंचाळलं, तशी आईने दाव्याला हिसका दिला.

"झालं. आता तुझं," म्हणत अथमानने सुरी परत घेतली, वाळूत पुसली आणि तो नमाजाला निघून गेला.

कोंबोने जखमेवर राख दाबली. शिंगराचं अंग थरथरत होतं. त्याने घरातून खजूर आणला, बी काढली आणि तळहात पुढे केला.

"खा बाबा. तुला काही होऊ देणार नाही मी."

 चाच्यांच्या किनाऱ्यावरच्या खोपटात, कोंबोच्या पायातली साखळी ओढून बघितली की पहारेकरी रोज संध्याकाळी असाच खजूर पुढे करायचा. हेच म्हणायचा. अगदी मायेने.

शिंगराने आधी तोंड फिरवलं. मग खाल्लं.

तेव्हा कोंबोही खायचा.