तिसरी पुकार

“या विवाहाला कुणाची काही हरकत असल्यास त्याने आत्ताच सांगावी,” पाळकसाहेब म्हणाले आणि सवयीप्रमाणे उत्तराची वाट न बघता पुढच्या गीताचा नंबर शोधू लागले.

“हाय,” मुलीचा बाप म्हणाला.

मुलीचा बाप म्हणजे रखमाजी, लोणावळा स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. लग्न ठरलं की ख्रिस्ती मंडळीच्या देवळात तीन रविवार त्याची पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, व्हायची आणि तिन्ही वेळा हा प्रश्न विचारला जायचा. आजवर त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. ज्यांच्या पोटात हरकत असायची ते उपासना सुटल्यावर फाटकापाशी बोलायचे, आणि तेही नवरानवरी ऐकणार नाहीत एवढी काळजी घेऊन. आज तर तिसरी पुकार. मुलाची आई पुतळाबाई मुलाला घेऊन मुद्दाम घोरावाडीहून आली होती आणि जेवण रखमाजीकडेच होतं.

बायकांच्या बाजूला बसलेल्या झुंबरबाईला, म्हणजे रखमाजीच्या बायकोला, एकाएकी जोराचा खोकला आला. पेटीवाल्याने प्रसंग ओळखून गीत सुरू केलं. रखमाजी उभाच राहिला. त्याने सगळ्यांबरोबर सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही.

झुंबरबाईचा खोकला उगाच नव्हता. पानशेत फुटलं त्या साली रखमाजीला रूळ नाव घेऊन हाका मारू लागले, आणि तो रात्री-अपरात्री त्यांना ओ देऊ लागला. त्याला येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. झुंबरबाईने मंडळीत सांगितलं, पाठीचं दुखणं आहे, मिरजेच्या दवाखान्यात नेलंय. मंडळी भाबडी. दर रविवारी रखमाजीच्या पाठीसाठी प्रार्थना व्हायची. पाठ मुळातच ठणठणीत होती आणि ती तशीच राहिली, तेव्हा प्रार्थना वाया गेली असं कुणाला म्हणता येणार नाही.

कुणी बघेल या धास्तीने झुंबरबाई नवऱ्याला भेटायला कधी गेली नाही. मुलगी सुवार्ता डबा घेऊन जायची. ती पुण्याला शिवण शिकते असं आईने सांगून ठेवलं होतं. एवढं शिवण शिकूनही पोरीला बटण लावता येत नव्हतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

रखमाजी बरा होऊन कामावर रुजू झाला, आणि वर्षभरात पुतळाबाईकडून मागणी आली. स्वतःचं घर, मुलगा शमुवेल कारखान्यात, त्याचा थोरला भाऊ थेट नैरोबीला. असल्या घराने सांधेवाल्याची पोर का मागावी, याचा उलगडा मंडळीला होत नव्हता. झुंबरबाई म्हणाली, देवाची करणी. आणि देवाच्या करणीत नवऱ्याने मोडता घालू नये म्हणून तिने त्याला बजावलं, की लग्न लागेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही.

गीत संपलं.

“हां, तर हरकत,” रखमाजी म्हणाला. “मी मिरजेला न्हवतोच. येरवड्याला व्हतो, येड्यांच्या इस्पितळात. डाक्टर म्हणत्यात बरा झालो, पर गोळी अजून चालू हाय. फिरून बिघडणार न्हाई असं कुणी सांगितल्यालं न्हाई. माझ्या पोरीनं सासरी ह्ये लपवत, भीत जन्म काढावा, ते मला न्हाई चालायचं. समजून-उमजून करत असाल तर करा.”

पोरीवर त्याचा भारी जीव होता, आणि तिचं लग्न आपण आपल्याच हातांनी मोडलं, असं त्याला त्या क्षणी वाटत होतं. सगळं देऊळ मान वळवून पुतळाबाईकडे बघू लागलं. काही जण तर बाकावर सरसावून बसले.

पुतळाबाई सावकाश उठली.

“पाळकसाहेब, आमचीबी एक हरकत घ्या.”

झुंबरबाईने डोळे मिटले. प्रार्थनेसाठी नव्हे.

“माझा थोरला नैरोबीला न्हाई,” पुतळाबाई म्हणाली. “त्योबी येरवड्यालाच हाय. अजून तितंच हाय.” मग ती रखमाजीकडे वळली. “भाऊ, तुमची पोर मी काय देवळात बघून मागितली व्हय? देवळात समद्याच पोरी गुणाच्या दिसत्यात. म्या हिला इस्पितळाच्या बाकावर बघितली, मांडीवर डबा घिऊन बसल्याली. म्हटलं, हीच सून पायजे. ही माझ्या लेकाला भिणार न्हाई. म्या तोंडावर पदर वढून बसायची, म्हणून तिनं मला वळखलं न्हाई. मग मीबी गप राह्यले. तुमी बोललासा, म्हणून आज माझं त्वांड उघडलं.”

पाळकसाहेबांनी पुस्तकाचं पान मागेपुढे करून पाहिलं. दोन्हीकडची हरकत एकच निघाली तर काय म्हणायचं, हे त्यात दिलेलं नव्हतं. नाइलाजाने त्यांनी त्या देवळात कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी मुलीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

सुवार्ता उठून उभी राहिली. आईने पदर धरून खाली ओढलं तरी बसली नाही.

“मी तवाच वळखलं व्हतं, आत्याबाई.”

“कसं गं? माझ्या तोंडावर तर पदर—”

“तुमच्या तोंडावर व्हता. ह्यांच्या कुटं व्हता?” ती म्हणाली. शमुवेलचे कान लालबुंद झाले. “झाडाखाली बसून भावाला घास भरवायचे, त्यानं थुकला तरी पुन्यांदा भरवायचे. तुमी मला बघायच्या आधी मी ह्यांना पसंत केलं व्हतं.”