न चुकणारा फळा

डोंगरावरच्या वस्तीशाळेतून बदली होऊन आलेल्या बिराजदार बाईंनी तिसरीच्या डिजिटल फळ्यावर बोटाने मुद्दामच लिहिलं, सात आठे चोपन्न. त्यांची ही जुनीच रीत होती. चूक पकडेल त्याने पुढे येऊन खडू हातात घ्यायचा. वस्तीवरची पोरं त्यासाठी बाकावर उभी राहायची.

इथे मात्र त्यांनी बोट उचलायच्या आत चोपन्नाचे छप्पन्न झाले. बाईंनी पुन्हा चोपन्न केले, फळ्याने पुन्हा छप्पन्न. बाईंचं डोकं सणकलं. त्या तडक हेडसरांकडे गेल्या.

"सर, त्या फळ्याची दुरुस्ती बंद करा."

"ती बंद करायची सोयच नाही," हेडसर म्हणाले. "अगदी सोपा आहे तो, हात लावला की चालू. शिवाय फुकट मिळालाय. शिक्षकाची चूकच होत नाही, आणखी काय हवं तुम्हाला?"

"मी चूक पकडायला शिकवते. तीही फळ्यानेच पकडायची, तर पोरांनी काय नुसत्या माना डोलवायच्या?"

उत्तराची वाट न बघता बाईंनी पिशवीतला खडू काढला, वर्ग व्हरांड्यात नेला आणि फरशीवर ठसठशीत लिहिलं, सात आठे चोपन्न.

पहिलीपासून त्याच फळ्यापुढे शिकलेली पोरं फरशीकडे टक लावून बघत राहिली. कुणाचाच हात वर झाला नाही.

"नीट बघा. काही चुकलंय का?"

"थांबा ना बाई," पुढे बसलेली तन्वी समजुतीने म्हणाली, "अजून बदलायचंय ते."